नक्कल उतरताना
पोथी लिहून पुरी झाली की नकलकार शेवटी दोन शब्द स्वतःच्या मनचे लिहीत. पाठ, कंबर, मान मोडून, नजर खाली खिळवून हे लिहिलंय, तेव्हा जपा, अशी विनवणी करत. काही पोथ्यांच्या शेवटी तर पोथीच बोलते: मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख. हार्डडिस्कवर बॅकअप उतरत असतो तेव्हा मला या अनाम माणसांची हटकून आठवण होते. काम तेच आहे. एकच प्रत असली की तिचं काही खरं नाही, म्हणून दुसरी करायची.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी घराण्यातले मोडी कागद असेच उतरवून ठेवलेत. प्रत्येक कागदाचा फोटो, आणि त्याच नावाची देवनागरी लिप्यंतराची छोटीशी फाईल. कागद वाळवीनं जाळीदार झालेले. काहींची शाई आता फोटोतच उरली आहे. परवा त्यांचा फोन आला.

"अगं, सकाळपासून हिरवी पट्टी आहे तिथंच आहे. वायर काढून परत लावू का?"

"काढू नका गुरुजी, मी येते."

बॅकअप हळू चालला की माणूस कंटाळतो आणि मधेच सोडून देतो. मला याचीच फार धास्ती वाटते. हळू चालण्याला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते हाताला लागण्यासारखं असतं.

आधी वायर बघावी. गुरुजींनी ती कॅबिनेटच्या पुढच्या काळ्या खाचेत लावली होती. ती खाच यूएसबी २.०ची, म्हणजे २००० सालची. कागदावर तिचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात ३०-३५ मेगाबाइट मिळाले तरी पुष्कळ. त्या वेगानं ५०० जीबी उतरायला साडेचार तास सहज लागतात. मागच्या बाजूला निळ्या जिभेची खाच होती. ती यूएसबी ३.०ची, २००८ सालातली, ५ गिगाबिटची. तिथं लावली तर अडसर वायरीचा राहत नाही, चकती जितकी पळेल तितकंच काम होतं. वायरीचं दुसरं टोक, डिस्कमध्ये जाणारं, नीट बघितलंय कधी? चपटं, रुंद, मधे खाच पडून दोन भाग झालेलं. जादा वेगाच्या पाच तारा त्यातल्या लहान भागातून जातात. ते टोक पुरतं बसलं नाही तर डिस्क जुन्या चार तारांवरच काम करत राहते. कुठे चूक दाखवत नाही, लाल दिवा लागत नाही, फक्त वेग उतरतो. पोथीनं सैल बांधणीची धास्ती घेतली होती ती उगाच नव्हे.

वायर मागं लावली, टोक दाबून बसवलं, आणि मोठे फोटो सरसर जाऊ लागले. पण लिप्यंतराच्या फाईली आल्या आणि पट्टी पुन्हा रेंगाळली. इथं दोष कुणाचाच नाही. डिस्कवर तळहात ठेवला तर आतली थरथर कळते: बहुतेक छोट्या डिस्कमधली चकती मिनिटाला ५४०० फेरे घेते, सेकंदाला ९०. एक मोठी फाईल सलग लिहायची असली की आवाज सलग घुमतो. हजारो चिमुकल्या फाईली आल्या की डिस्कच्या आतल्या लेखणीचं टोक मजकूर लिहायला एकीकडे आणि नोंदवहीत नाव-तारीख चढवायला दुसरीकडे धावतं. मग तीच डिस्क किरकिरते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के गुंतलेली दिसते आणि वेग मात्र सेकंदाला एक-दोन मेगाबाइट. वर अँटिव्हायरस प्रत्येक फाईल उघडून तपासत असतो. अशा फाईलींची आधी एकच झिप करावी आणि ती पाठवावी. गुरुजींच्या लिप्यंतरांचं तेच केलं. गठ्ठा बांधून गेला आणि लवकर पोचला.

आणखी एक कारण सहसा कुणी सांगत नाही. हल्लीच्या स्वस्त आणि मोठ्या पोर्टेबल डिस्कमध्ये बहुधा एकावर एक चढलेल्या पट्ट्यांची लेखनपद्धत असते; २०१३पासून ती बाजारात आहे. कौलारू छपरासारखंच हे. कोकणात ज्यानं शाकारणी बघितली आहे त्याला समजावावं लागणार नाही: मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर टेकलेली आधी उचलावी लागतात आणि मग सगळी परत बसवावी लागतात. डिस्कही तेच करते. नवं लिहिलेलं आधी एका राखीव अंगणात उतरवून घेते, म्हणून सुरुवात झोकात होते. अंगण भरलं की मग कौलं उचलणं सुरू, आणि वेग धाडकन खाली येतो. अशा वेळी थोडं थोडं पाठवावं, मधे डिस्कला जोडलेल्या अवस्थेतच उसंत द्यावी, आणि ती काठोकाठ भरू नये. कुठल्या डिस्कमध्ये ही पद्धत आहे, हे कंपन्यांनी २०२०मध्ये गिऱ्हाइकांनी ओरड केल्यावर धडपणे जाहीर केलं. पैसे मोजणाऱ्या माणसाला हे खोक्यावरच वाचायला मिळायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला बॅकअप सगळ्यात लांबतो, कारण सगळंच नव्यानं उतरायचं असतं. पुढच्या खेपेला चांगलं सॉफ्टवेअर फक्त बदललेलं तेवढंच घेतं. पहिल्या खेपेलाच जो वैतागला, त्याला ही सोपी बाजू कधी दिसतच नाही.

मात्र एका हळूपणाला घाबरावं. वायर नीट, खाच निळी, फाईली मोठ्या, आणि तरी वेग मधेच शून्यावर येतो, आतून ठरावीक अंतरानं टक्, टक् ऐकू येतं. कधी वीज पुरत नसल्यानंही असं होतं, विशेषतः एका हबवर चार वस्तू लटकवल्या असतील तर. म्हणून आधी डिस्क थेट कॉम्प्युटरला लावून बघावी. तरीही आवाज थांबला नाही तर डिस्कच, किंवा चकतीवरच्या जागा, म्हणजे सेक्टर, बहुधा निकामी होत चालले आहेत. डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते, ती स्मार्ट अहवालात वाचता येते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर ती उघडून दाखवतं. बदललेल्या आणि अडकलेल्या सेक्टरचे आकडे वाढताना दिसले की दुरुस्तीच्या खटपटीत पडू नये. त्या डिस्कवर दुसरीकडे कुठेच नाही असं काही असेल तर तेच, सगळ्यात जिवाभावाचं, आधी काढून घ्यावं. सिनेमे राहू द्यावेत.

गुरुजींची डिस्क ठणठणीत निघाली. पट्टी पुरी झाली तेव्हा त्यांनी विचारलं, "आता झालं ना?" मी त्यांना एक फाईल उघडायला लावली, बॅकअपच्याच डिस्कवरून. पडद्यावर मोडीतला एक वळणदार कागद आला. शिरोरेघेखाली लोंबणारी अक्षरं, कोपऱ्यात वाळवीचं भोक. गुरुजींनी चष्मा वर करून तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

तुमचाही बॅकअप पुरा होईल तेव्हा त्यातली एखादी फाईल उघडून बघा, जमल्यास दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. आणि ती डिस्क कॉम्प्युटरशेजारच्या खणात ठेवू नका. भावाकडे, बहिणीकडे, शेजारच्या गावी, कुठेही ठेवा. पण दुसऱ्या घरी ठेवा.