मोतीचा खाऊ

आम्ही बागवान. जुन्या नाशकात अब्बांची फळांची हातगाडी होती. माघ-फाल्गुनात तिच्यावर फक्त द्राक्षं असायची. पहाटे माल आला की अब्बा ओट्यावर बसून घड साफ करत. सडलेला, तडकलेला मणी काढून टाकायचा, मगच घड गाडीवर मांडायचा. "गिऱ्हाईक के हाथ में अच्छाच माल जाना," असं ते म्हणत. काढलेले मणी आम्हा पोरांचे. त्यातून उरले तर दोन-चार मोतीचे.

मोती हा गल्लीतला कुत्रा. घरात यायची त्याला मनाई होती. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, असं अम्मा म्हणे. पण रात्री गाडी राखायला तोच असायचा. राखणीच्या कुत्र्याला आपल्या मजहबात मुभा आहे आणि जो राखण करतो त्याचं पोट भरणं आपल्याकडे लागतं, असं अब्बांचं म्हणणं. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याचे गुनाह अल्लाहने माफ केले, ही हदीस मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकली.

समोरच्या हाजीचाचांना मात्र मोती खपत नसे. नमाजला जाताना तो पायात आला की ते काठी उगारत. "इसका कुछ बंदोबस्त करना पडेंगा," असं एकदा ते चारचौघांत बोलले होते.

मी तेव्हा सातवीत होते. आता त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. ऐन हंगामात अवकाळी पाऊस झाला. पाऊस झाला की पिकलेला मणी तडकतो. निम्मा माल विकण्याजोगा राहिला नाही. त्या संध्याकाळी अब्बांनी मोतीपुढे मण्यांचा ढीगच ओतला. "ले बेटा, तू तो पेट भर खा," म्हणाले. मोतीने सगळे खाल्ले.

रात्री त्याला उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तो गाडीखालून उठला नाही. भाकरीला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे अब्बा माल घेऊन आले तेव्हा तो गेलेला होता.

कुणीतरी विष घातलं, असं गल्ली म्हणाली. 'कुणीतरी' म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळत होतं. अब्बा काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी हाजीचाचांना सलाम करणं सोडलं. पुढे हाजीचाचा गेले, अब्बाही गेले. ती गोष्ट तशीच राहिली.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने एक पिल्लू आणलं. "अम्मी, राखणीला राहील, अंगणातच ठेवू," म्हणाला. त्याचं नाव शेरू. रमजान ईदच्या दुपारी पाहुणे गेल्यावर एका वाटीत शीरखुर्मा उरला होता. सणाचा दिवस, मुक्या जिवाच्याही तोंडात काही पडावं, म्हणून मी ती वाटी शेरूपुढे ठेवायला गेले. मुलाने ती हातातून ओढूनच घेतली. "अम्मी, त्यात किसमिस आहे! किसमिस, द्राक्षं कुत्र्याला विष!"

त्याने पशुवैद्याने दिलेला कागद आणून वाचून दाखवला. द्राक्षं आणि किसमिस खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आधी उलट्या होतात, मग जनावर मलूल पडतं, खाणं सुटतं, लघवी बंद होते. एखाद्याला काहीच होत नाही, एखादा थोड्यानेही जातो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या नियतकालिकात याची नोंद छापून आली ती २००१ मध्ये. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल त्याच्या मुळाशी असावं, हे तर २०२१ मध्ये पुढे आलं. चिंचेतही तेच आम्ल असतं.

मी खाली बसले. उलट्या, गाडीखाली पडून राहणं, तिसरा दिवस. सगळं तेच होतं. मोतीला तपासणारं तेव्हा कुणी नव्हतं, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही. पण त्याच्यापुढे तो ढीग कुणी ओतला, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. जन्मभर द्राक्षं निवडणाऱ्या माणसाने आपल्याला आवडतं तेच लाडक्या जनावराला दिलं होतं.

त्याच संध्याकाळी मी डब्यात शीरखुर्मा घेऊन हाजीचाचांच्या घरी गेले. त्यांच्या सुनेला सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाजी, अब्बा आखिर तक पूछते थे, बागवान मुझसे नाराज क्यूं हुआ?"

यावर मी काय बोलणार?

आता तो कागद माझ्या स्वयंपाकघरात चिकटवलेला आहे. त्यात कांदा-लसूणही आहे, कारण त्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवलेल्या कांद्यानेही तेच होतं, म्हणून सालन-बिर्याणीचं उरलंसुरलं देणं बंद. द्राक्षं आणि कांदा, आमच्या नाशिक जिल्ह्याची दोन्ही पिकं त्या यादीत! चॉकलेट नको. शिजवलेली हाडं नकोत. त्यांच्या टोकदार चिपा होऊन आतडं फाटू शकतं, म्हणून बकरी ईदला मी शेजाऱ्यांनाही हे सांगते.

द्यायचं ते साधं आहे. बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, हाड काढून. गाजर, काकडी, उकडलेला लाल भोपळा, बी काढलेलं सफरचंद. तेही बेताने. दिवसभरातल्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त खाऊ नको, बाकी त्याचं नेहमीचं जेवण.

सकाळी नमाजनंतर मी ओट्यावर बसून गाजराचे तुकडे करते. शेरू पायरीखाली वाट पाहत असतो. किडका भाग मी काढून टाकते, चांगला तेवढा त्याच्यापुढे ठेवते.