तोटा झाला तरी रिटर्न भरा

“सर, शेअरमध्ये फायदा झालाच नाही, मग रिटर्नमध्ये दाखवायचं काय?” वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कंपन्यांमधले तरुण हा प्रश्न मला हमखास विचारतात. कर सल्लागार म्हणून माझं उत्तर ठाम असतं: तोटा झाला असेल, तर रिटर्न जास्त काळजीने आणि मुदतीतच भरा.

हिशेब पाहा. समजा, या वर्षी वर्षाच्या आत विकलेल्या शेअरमध्ये चाळीस हजार बुडाले आणि पुढच्या वर्षी तेवढेच मिळाले. अशा अल्प मुदतीच्या नफ्यावर 23 जुलै 2024 पासून 20 टक्के कर आहे, म्हणजे 8,000 रुपये आणि वर उपकर. यंदाचा तोटा मुदतीत दाखवलेला असेल, तर हा कर शून्य होतो. असा तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो. मुदत चुकली की मात्र हा हक्क जातो. नंतर दंड भरून रिटर्न दिलं तरी तो परत मिळत नाही. इतकी साधी गोष्ट कोणी सांगितली नाही म्हणून लोकांचे कष्टाचे पैसे जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

तोटा धरला जातो तो विकल्यावरच. डिमॅट खात्यात लाल आकडा दिसतो, पण करासाठी तो तोटा नव्हे. आपल्या शहराने व्हिडिओकॉन कंपनीचं उदाहरण पाहिलेलं आहे. तिच्या शेअरची खरेदी-विक्री जून 2021 मध्ये बाजारात थांबली. ज्यांनी आधी पडत्या भावात विकले, त्यांच्या हाती निदान वजावटीचा तोटा राहिला. भाव परत येईल म्हणून धरून बसलेल्यांना विकायला बाजारच उरला नाही.

दुसरा घोळ बारा लाखांचा. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून बारा लाखांपर्यंत कर नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ही सूट पगाराला लागू होते, शेअरच्या नफ्याला नाही. नऊ लाख पगार आणि तीस हजार अल्प मुदतीचा नफा असेल, तर पगारावर कर नाही, नफ्यावर सहा हजार आणि उपकर आहे. वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या शेअरवर मात्र वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त. त्यापुढे साडेबारा टक्के.

फॉर्मचीही चूक होते. वर्षाच्या आत शेअर विकला असेल तर आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 लागतो. इंट्राडे किंवा ऑप्शन केले असतील तर तो धंदा धरला जातो आणि आयटीआर-3 भरावा लागतो, मग व्यवहार पाचशे रुपयांचा का असेना. इंट्राडेचा तोटा फक्त तशाच नफ्यातून वजा होतो आणि चारच वर्षं पुढे जातो.

लाभांशही उत्पन्नच आहे. 1 एप्रिल 2020 पासून तो भागधारकाच्या हाती करपात्र आहे. हे सगळं आयकर खात्याला आधीच कळलेलं असतं. पोर्टलवरचं वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस, उघडा. तुमची विक्री आणि लाभांश तिथे दिसतील. मात्र खरेदीची किंमत तिथे बरोबर असेलच असं नाही, म्हणून ब्रोकरचं नफा-तोटा पत्रकही उतरवून घ्या.

यंदा ज्यांचे पैसे बुडाले आहेत, त्यांनी ही दोन्ही पत्रकं घेऊन मुदतीआधी आपल्या सीएकडे जावं.