स्थळ पाहून आल्यावर

आमच्या घरी सिनेमावर बोलायची पद्धत नाही. पाहायचा, ‘बरा होता’ म्हणायचं आणि उशीला डोकं लावायचं. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला तेव्हा गावातून दोन पिकअप भरून माणसं तालुक्याला गेली होती. जाताना पोरं नुसती कल्ला करत होती, येताना गाडीत चिडीचूप. पुढची दोन वर्षं ‘झिंगाट’ वाजल्याशिवाय आमच्याकडची एक वरात पुढं सरकली नाही. पण त्या शेवटच्या मुक्या प्रसंगाबद्दल गावात कुणी चार शब्द बोललेलं मला आठवत नाही. पारावर नाही, घरात तर नाहीच.

म्हणून यंदा ‘स्थळ’ पाहून आल्यावर आमची ताई बोलायला लागली, याचं मला अजून नवल वाटतं.

जयंत दिगंबर सोमलकरांचा हा सिनेमा मार्च २०२५ मध्ये थेटरात लागला. त्याआधी २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात नेटपॅकचं बक्षीस घेऊन आला होता. पण ताईला मी ते काही सांगितलं नाही. बक्षीस मिळालेला सिनेमा म्हटलं की आमच्याकडची माणसं झोपेची तयारी करूनच बसतात. ती डोळे दाखवायला नागपूरला आली होती. भाची आधीपासूनच नागपुरात, तीन मुलींबरोबर खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. मी म्हटलं, चला, आपल्या चंद्रपूरकडचा सिनेमा आहे, आपल्यासारखं बोलतात त्यात. ताई म्हणाली, “आपल्यासारखं बोलाचं ऐकाले पैसे कायले देतं?” पण आली.

गोष्ट साधी आहे. सविता नावाची मुलगी, बाप कापसाचा शेतकरी. तिला शिकायचंय, नोकरी करायचीय, आणि घरी एकामागून एक पाहुणे येतायत. सुरुवातीलाच एक पोरगा पोरींच्या समोर बसलाय आणि पोरीच त्याला प्रश्न विचारतायत. थेटरात हशा पिकला. ते सविताचं स्वप्न असतं. मग ती उठते, आणि खरे पाहुणे येतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवड काय. परत तेच, दुसऱ्या पाहुण्यांसमोर. परत तेच, तिसऱ्या. तिसऱ्या वेळेपर्यंत हसणारे थांबले होते. नंदिनी चिकटे ही सविता झालीय. बहुतेक माणसं तिकडचीच, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा आलेली. त्यामुळं पाहुण्यांमधला चहाची बशी तोंडाला लावणारा म्हातारा मला ओळखीचाच वाटला. शहरातल्या नटानं कितीही घोळून बोललं तरी बशी धरताना तो पकडला जातो.

एक गोष्ट मला फार आवडली. सविता शिकते त्या कॉलेजात बाईच्या हक्कांवर तास चालतो. वर्गात ते शब्द आणि घरी तो कार्यक्रम. यावर दिग्दर्शक काहीच बोलत नाही. शेजारी शेजारी ठेवून देतो.

भाची मधेच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “मामा, यात एकच नाही. आता पाहुणे मोबाइलवर फोटो काढून नेतात.”

तिला तोवर चार जण पाहून गेले होते.

सिनेमा सुटला तेव्हा रात्रीचे नऊ झाले होते. ऑटोत ताई गप्प. माझ्या घरी येऊन हातपाय धुतले, जेवण नको म्हणाली, आणि गादीवर बसून एकदम सुरू झाली. “मले सहा ठिकाणचे पाहून गेले. तुमचे भाऊजी सातवे.”

एकानं सुईत दोरा ओवायला लावला, नजर कशी आहे ते पाहायला. एकानं पेपर वाचायला दिला, आणि ती भराभर वाचायला लागली तशी त्याच्यासोबतच्या काकानं मधेच काढून घेतला. एका घरच्यांनी अंगणातल्या रांजणापासून दारापर्यंत चालून दाखव म्हटलं. पाय लंगडत तर नाही ना. एका बाईनं आत नेऊन वेणी सोडायला लावली, केस खरे का गंगावन ते बघायला. ताई हे सगळं जराही आवाज न चढवता सांगत होती. एकेकाचं गाव, त्या दिवशी घातलेलं लुगडं, पोह्यात दाणे होते की नव्हते, सगळं. तीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा सहावीत होतो. पाहुण्यांना पाण्याचे ग्लास नेऊन द्यायचं काम माझं, आणि उरलेले पोहेही माझे, म्हणून पाहुणे यायचे म्हटलं की मी खूश असायचो. सुईदोऱ्याची गोष्ट मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकली. एकाच घरात राहत होतो आम्ही.

“मंग, दोरा ओवला का तू?” भाचीनं विचारलं.

“पहिल्या झटक्यात,” ताई म्हणाली. “तरी नाई म्हणे.”

दुसऱ्या दिवशी गावी फोन लावला. भाऊजींना सांगितलं, असा असा सिनेमा आहे. ते नीट ऐकून घेतात नेहमी. सगळं ऐकलं आणि विचारलं, “त्यात कापसाचा भाव किती सांगतला?” मला हसू आलं, पण त्यांचं बरोबर होतं. मार्च उजाडला तरी त्यांच्या मधल्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत होता. त्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला ७,५२१ रुपये क्विंटल, आणि दारात येणारा व्यापारी त्याहून कमी बोलत होता. केंद्रावर न्यावा तर ओलावा निघेल का, परत तर लावणार नाहीत ना, ही धाकधूक. कापूस विकल्याशिवाय लग्न नाही आणि लग्न ठरल्याशिवाय कापूस विकायची घाई नाही, अशी ती गाठ. सिनेमातला बापही याच गाठीत आहे. तो वाईट माणूस नाही, म्हणूनच त्याच्याकडं पाहवत नाही.

त्याच दिवसांत मी रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ पुन्हा काढली होती. फेब्रुवारीत बोराडे गेले. बातमी वाचली आणि कपाटातून पुस्तक शोधलं. १९७१ ची कादंबरी. गावच्या शिंप्याचा धंदा कसा बसतो आणि त्याच्याबरोबर घर कसं बसतं, हे सगळं त्याची बायको सांगते. कॉलेजात वाचली तेव्हा मला ती शिंप्याची गोष्ट वाटली होती. या वेळी ती फक्त बायकोची वाटली. नवऱ्याचा ताठा, पोराचं शिक्षण, सगळं ती बघते, तिला पुढचं दिसत असतं, आणि विचारत तिला कुणी नाही. ताई गावी जाताना तिच्या पिशवीत मी ते पुस्तक टाकलं. दहावी शिकलेली आहे, पण लग्नानंतर पोथीशिवाय काही वाचल्याचं मला माहीत नाही. आठ दिवसांनी फोन आला. मराठवाड्याची बोली तिला अडखळवत होती, दोन-चार शब्द विचारले. मग म्हणाली, “हे बाई बोलते भाय, पण सगळं मनातल्या मनात. नवऱ्यासमोर बोलली असती त काय झालं असतं?” मी म्हटलं, कादंबरी झाली नसती. तिला हा विनोद आवडला नाही.

आईचं मात्र वेगळंच. आई पंचाहत्तरीची. संध्याकाळी सात ते नऊ तिच्या मालिका असतात आणि त्या वेळेत घरात कुणी मेलं तरी तिला नऊनंतर सांगावं लागेल. मालिकेतही मुलगी पाहायला येतात, पण तिथं मुलीची आईसुद्धा पैठणी नेसून पोहे परतते. आईला ते चालतं. “तो खेळ हाय,” म्हणते.

एप्रिलमध्ये गावी गेलो तेव्हा मी तिला मोबाइलवर जात्यावरच्या ओव्या लावून दिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ नावाच्या संकेतस्थळावर त्या येतायत, आवाजासकट, गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट. मला वाटलं होतं आईचे डोळे भरून येतील वगैरे. आईनं फोन कानाला लावून दोन ओव्या ऐकल्या आणि म्हणाली, “हे तिकडचं हाय. आपल्याकडे असं नाई म्हणत.” चाल तिला लांबट वाटली. मग “असं म्हणते” म्हणून तिनं स्वतःच सुरुवात केली, आणि मोबाइल माझ्या हातात तसाच राहिला.

आमच्याकडं चक्की आली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. म्हणजे आईला कमरेत वाकून, खुंटा फिरवत गाताना मी कधी पाहिलेलं नाही. आता ती खाटेवर बसून गात होती, पण उजवा हात मांडीवर गोल फिरत होता. भावाच्या ओव्या झाल्या, माहेरच्या वाटेच्या झाल्या. मग लांब दिलेल्या लेकीची एक आली. ती तिनं दोनदा म्हटली आणि थांबली. ताईला दिलं ते गाव इथून तीन एसट्या बदलून आहे.

मी विचारलं, “हे सगळं बाबांना ऐकू येत होतं?”

“पहाटे चारले कोण माणूस जागा रायते?” आई म्हणाली. “ते निजून रायत, म्हणून त म्हणता येई.”

एक लाख ओव्या. आणि त्या म्हटल्या गेल्या तेव्हा बहुतेक घरांतले पुरुष घोरत होते. शेजारच्या खोलीत, एका भिंतीपलीकडं. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

मेमध्ये भाचीला पाचवे पाहुणे आले. मामा म्हणून मला बोलावणं होतं. सकाळी पडवी झाडून झाली, सतरंजी टाकली, खुर्च्या शेजारून आणल्या. भाऊजींच्या घरी अशा वेळी मधोमध एक लाकडी स्टूल मांडतात. मुलीनं ट्रे ठेवायचा आणि त्यावर बसायचं, सगळ्यांना नीट दिसेल असं. धाकट्या भाच्यानं ते आणून ठेवलं. भाऊजींनी पाहिलं आणि म्हणाले, “ते अंदर ने.” पोरगा उभाच. “अंदर ने म्हटलं नं! कापूस हाय का तो, काट्यावर चढवाले?” सिनेमा त्यांनी अजून पाहिलेला नाही. ताईनं घरी काय काय सांगितलं, ते त्या दोघांनाच माहीत. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि आत गेली.

भाची आईशेजारी खुर्चीवर बसली. मध्यस्थानं सवयीनं सुरू केलं, नाव सांग, शिक्षण सांग. तिनं सांगितलं. उंची विचारली, तीही सांगितली. मग तिला काही विचारायचंय का, असं मुलाचे वडील म्हणाले. म्हणायचं म्हणून म्हणतात, कुणी विचारत नाही. भाचीनं विचारलं, “तुमच्याकडं नळ किती वाजता येतो?”

मुलगा तलाठी कार्यालयात नोकरीला, दिसायला बरा, बोलायला नम्र. त्यानं वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी मध्यस्थाकडं. मागं भिंतीला टेकून बसलेली त्याची आई म्हणाली, “साडेचारले. पहाटे.” तेवढंच बोलली ती सबंध कार्यक्रमात.

पोहे झाले, पान झालं, कळवतो म्हणून पाहुणे गेले. पेरणी आटोपली तरी फोन आलेला नाही. भाची नागपूरला परत अभ्यासाला लागलीय. कापूस शेवटी भाऊजींनी दारावरच दिला, भाव मला सांगत नाहीत. परवा ताईचा फोन होता: पाचोळा वाचून झाला, आता दुसरं एखादं पाठव, बाईनं सांगितलेलंच पाठव, पण ज्यात ती बाई कोणाला तरी ऐकू जाईन असं.