उंबऱ्यावर फसवणारा

‘ऑक्टोबर रस्ट’ हा अल्बम कुणाच्याही घरात सरळ पाऊल टाकत नाही. आधी उंबऱ्यावर फसवतो. पहिली ३८ सेकंदं नुसती भणभण, स्पीकरचं अर्थिंग गेलं की येते तशी, जाड आणि एकसुरी. कतारमधल्या अल रुवैसला आमच्या खोलीत तो पहिल्यांदा लावला तेव्हा आमच्यातला चिपळूणचा इलेक्ट्रिशियन दादा ताटावरून उठला आणि डाव्या हाताने पिन काढून परत खोचू लागला. तेवढ्यात भणभण थांबली. पाठोपाठ बँडमधले गडी हसू दाबत बोलू लागले, अल्बम घेतल्याबद्दल आभार मानू लागले. दादाने माझ्याकडे पाहिलं.

“तू तर दुःखाची गाणी म्हणाला होतास ना रे?”

म्हणालो होतो. अजूनही म्हणतो.

या अल्बमचा जन्म ऑगस्ट १९९६चा. गाव न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन, घराणं टाइप ओ निगेटिव्ह या चौघांच्या बँडचं. अंगावर काळं आणि हिरवं, हे त्या घराण्याचेच रंग. आवाज पीटर स्टीलचा. साडेसहा फुटांहून उंच असलेल्या या माणसाचा स्वर इतका खालचा, की तो छातीतून नव्हे, जमिनीतून येतो असं वाटावं. नाव होण्याआधी स्टील न्यूयॉर्क शहराच्या उद्यान खात्यात नोकरीला होता. हिरव्या गणवेशातल्या त्या धिप्पाड माणसाला पोरं ‘ग्रीन मॅन’ म्हणत, आणि त्याच नावाचं गाणं या अल्बममध्ये आहे. त्यात ऋतू फिरतात, आणि झाडांमध्ये दिवस काढलेल्या माणसाचीच असू शकेल अशी ओढ आहे. चंद्र, लांडगा, जुने देव, मरण या सगळ्या गॉथिक पसाऱ्याच्या मधोमध शहराच्या बागा राखणारा एक कर्मचारी उभा आहे. मला हा अल्बम जवळचा वाटायला लागला तो तिथून. घरापासून लांब, गणवेशात दिवस काढणाऱ्या आम्हा माणसांना तो परका वाटत नाही.

सव्वा तासाच्या आसपास हा अल्बम बोलतो, आणि बहुतेक वेळ प्रेम आणि मरण यांच्याबद्दलच. पण त्याचं दुःख उसनं नाही. ‘रेड वॉटर’ हे गाणं नाताळचं आहे, आणि ते सणाला आता न येणाऱ्या माणसांचं आहे. मधूनच ओळखीच्या कॅरोलचे सूर येतात आणि काळवंडून जातात. आमच्याबरोबर म्हापशाचा एक जण आहे, गिटार वाजवतो. बाकीच्या गाण्यांबद्दल त्याचं मत फारसं बरं नाही. लांबण लावतात, म्हणतो. या गाण्याला मात्र तो गप्प बसला आणि संपल्यावर म्हणाला, “आमच्याकडे नाताळला सगळे हेच मनात ठेवून जेवतात. फक्त कोणी बोलत नाही.”

खरा वाद पुण्याच्या पोराशी आहे. कानात मेटल भरलेला, जाणकार मुलगा. त्याच्या मते या घराण्याचा कर्ता थोरला भाऊच, १९९३चा ‘ब्लडी किसेस’. हा धाकटा फार गोड, फार गुळगुळीत. तिथवर मी ऐकून घेतो, कारण गिटारवर खरोखरच धुक्याचे थर चढवले आहेत आणि थोरल्याचा दात-ओठ खाणारा स्वभाव इथे उरलेला नाही. पण त्याने फोनवर स्वतःची यादी बनवली आहे. तिच्यातून सुरुवातीची भणभण काढली, हसणं काढलं, मधली ती एका मिनिटाची, लांबलचक नावाची, काल्पनिक प्रजासत्ताकाच्या मुक्तीची लष्करी थट्टाही काढली. “आता निव्वळ गाणी,” म्हणाला.

थोरल्याच्या बाबतीत हे खरंच घडलं होतं. ‘ब्लडी किसेस’ची एक आवृत्ती नंतर निघाली, तिच्यातून टवाळखोर गाणी आणि मधले आवाजांचे तुकडे वगळले होते. नीटनेटकी आहे ती, अनेकांना तीच आवडते. मला तिच्यात माणूस सापडत नाही. भणभणीने आपण वाकून कान स्पीकरजवळ नेतो, हसण्याने सैल होतो, आणि नेमक्या त्या क्षणी ‘लव्ह यू टू डेथ’चा पियानो सुरू होतो. सावध माणसाला तो पियानो एवढा लागत नाही. आधी हसवलेल्यालाच लागतो.

आपल्याला हे नवीन नाही. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ नाटकात, १९७४ साली, मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तनाला उभे राहिले. प्रेत घरात, विधी खोळंबलेला, आणि मेलेला माणूस जुन्याच स्मशानात जळायचा हट्ट धरून बसलेला. आनंद मोडकांचं संगीत काढून तो मजकूर नुसता वाचून पाहा, किंवा हसणं काढून उरलेला शोक पाहा. दोन्हीकडे नाटक कोसळतं. पुण्याच्या पोराला हे सांगितलं. त्याने नाटक पाहिलेलं नाही, पण यादीत ते एक मिनिट परत घातलं. भणभण अजून बाहेरच आहे.

आणि स्टील शेवटीही तसाच वागतो. ‘हाँटेड’चा दीर्घ काळोख संपल्यावर तो पुन्हा येतो आणि तुमची फार निराशा झाली नसेल अशी आशा व्यक्त करतो. इतकं सगळं उघडं केलेला माणूस ऐकणाऱ्याची विचारपूस करतो! स्टील २०१०च्या एप्रिलमध्ये गेला, ४८ वर्षांचा होता. बँडही तिथेच थांबला.

दोहापासून शंभरावर किलोमीटर उत्तरेला, जिथे कतारची जमीन संपते, तिथलं मासेमारीचं गाव म्हणजे आमचं हे अल रुवैस. जवळच अल जुमैल आहे, माणसांनी सोडून दिलेलं, पडक्या भिंती आणि मशिदीचा मनोरा उरलेलं गाव. गॉथिक म्हणजे किल्ले आणि धुकं, ही समजूत तिथे गेलं की सुटते, भर उन्हातसुद्धा. या आखातात मोती काढणाऱ्या खलाशांची गाणी आहेत, फिजिरी. ती जिनांकडून शिकली अशी दंतकथा सांगतात. मुख्य गायक, नह्हाम, वर गातो आणि बाकीचे त्याच्या खूप खाली एक घुमारा धरून ठेवतात.

बंदरावरच्या एका वयस्क कतारी गृहस्थांना मी गाडीत ‘हाँटेड’ ऐकवलं. काका पूर्ण ऐकत राहिले. खालचा आवाज ओळखीचा वाटतो, म्हणाले, आमच्याकडचा. मग विचारलं, ही माणसं इतकं सावकाश का गातात? या लयीवर वल्हं मारलं तर होडी किनारा सोडणार नाही.

काकांचं बरोबर आहे. या अल्बमला किनारा सोडायचाच नाही, त्याची सगळी माणसं तिथेच पुरलेली आहेत.