गृहपाठानंतरचं पान

स्पॅनिशचा गृहपाठ घेऊन माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या वह्यांत क्रियापदांचे तक्ते असतात. अक्षर सुवाच्य, खाली पट्टीनं ओढलेली रेघ. भूतकाळाचे तक्ते दोन: एक घडून गेलेल्या गोष्टीचा, दुसरा पूर्वी असायच्या, चालायच्या त्या गोष्टींचा. मुलांना दोन्ही घडाघडा येतात. पण कुठं कुठला वापरायचा, असं विचारलं की चेहरे उतरतात. न्यायला आलेले पालक दारातून विचारतात, ‘झाला ना पूर्ण?’ पूर्ण तर होतो. पण भाषा अजून कानावर पडलेलीच नसते.

म्हणून वह्या मिटल्या की मी ‘प्लातेरो इ यो’ काढते. हुआन रामोन हिमेनेस या कवीचं हे पुस्तक 1914 साली आलं. अंदालुसियातलं मोगेर हे त्याचं गाव. तिथल्या वाटांवरून कवी आणि प्लातेरो हे त्याचं रुपेरी करडं गाढव हिंडतात. प्रकरणं एखाद-दोन पानांची. कधी विहीर, कधी डाळिंब, कधी चिमण्या. एका प्रकरणात म्हातारी कॅनरी पिंजऱ्यातून उडते, सकाळभर बागेत भिरभिरते. ते वाचताना एक मुलगा मध्येच थांबला. ‘ती म्हातारी होती, हा असायचा भूतकाळ. आणि उडाली, हा घडलेला!’ तक्त्यानं जे महिनाभर सांगितलं नव्हतं, ते पाखरानं सांगितलं.

आम्ही मोठ्यानं वाचतो. आ, ए, इ, ओ, उ हे स्पॅनिशचे पाच स्वर मराठी जिभेवर आपसूक बसतात, आणि शब्द बदलला म्हणून ते आपला उच्चार बदलत नाहीत. इंग्रजी वाचताना आवाज चोरणारी मुलगी इथं पहिल्या ओळीपासून मोकळी होते. अर्थ पुरता लागलेला नसतो. लागेल. त्या वाक्यांची लय आधी अंगात मुरू द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

मुलांना मी आणखी दोन गाढवांची गोष्ट सांगते, अल्फा आणि बेतो यांची. दोघांची नावं जोडली की मुळाक्षरांसाठीचा स्पॅनिश शब्द होतो. कोलंबियातल्या ला ग्लोरिया गावचे शिक्षक लुइस सोरियानो त्यांच्या पाठीवर पुस्तकं लादून दूरच्या वाड्यावस्त्यांवर जातात. विद्यार्थ्यांच्या घरी पुस्तकच नाही, मग गृहपाठ करायचा कशावरून, हे त्यांच्या ध्यानात आलं, तिथून हे सुरू झालं. पोरं भोवती जमतात, ते वाचून दाखवतात, अडलेला अभ्यासही सांगतात. आपल्याकडे अभ्यास न करणाऱ्या पोराला ज्याचं नाव देतात, तेच जनावर तिथं ग्रंथालय वाहून आणतं. हे ऐकून मुलं किती खूश होतात!

तुमच्या घरी कुणी स्पॅनिश शिकत असेल, तर आज गृहपाठ उरकल्यावर शेजारी बसा. तुम्हाला भाषा येत नसली तरी चालेल. एक पान मोठ्यानं वाचायला सांगा, आणि ते संपेपर्यंत मध्ये टोकू नका.