वाऱ्याचा आडोसा

जागच्या जागीं उभी असलेली सायकल ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें धांवूं शकते, हें आम्हांस वयाच्या बहात्तराव्या वर्षीं आमच्या पुतण्यानें पटवून दिलें. टाळेबंदीच्या वर्षीं, म्हणजे २०२० सालीं, त्यानें माडीवरच्या खोलींतील जुना पलंग हलविला व तेथें एक यंत्र मांडलें. सायकलचें मागचें चाक काढावयाचें, साखळी यंत्राच्या दांत्यांवर चढवावयाची आणि समोरच्या पडद्यावर वाटोपिया नांवाच्या एका काल्पनिक बेटावरून स्वारी करावयाची, असा हा प्रकार आहे. 'झ्विफ्ट' नांवाच्या अमेरिकन कंपनीनें हा खेळ २०१४ सालीं सुरू केला. स्वारानें किती वॅट शक्ति लाविली हें यंत्र मोजतें, त्याचें वजन त्यानें आधींच लिहून दिलेलें असतें, आणि या दोहोंवरून पडद्यावरील त्याच्या प्रतिमेचा वेग ठरतो. एवढा घाम गाळून हा मुलगा जातो तरी कोठें, असा वहिनींचा पहिल्याच दिवशीं प्रश्न होता. त्याला घरांत कोणाजवळहि उत्तर नव्हतें.

आम्हांस नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. त्या खोलींत वारा नाहीं. जो आहे तो समोर ठेवलेल्या पंख्याचा. असें असतां पुढच्या स्वाराच्या पाठीमागें राहिल्यास श्रम कमी होतात, हा खऱ्या रस्त्यावरचा नियम या बेटावरहि लागू आहे! सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगानें जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक सर्व शक्ति हवा कापण्यांत खर्च होते. वेग थोडा वाढवावयाचा म्हटला तरी श्रम त्या मानानें कितीतरी अधिक वाढतात. म्हणून पुढच्यास तीनशें वॅट लावावे लागत असतील, तर त्याच्या मागें चिकटून असलेल्याचें काम सुमारें सव्वादोनशेंत भागतें. हा हिशेब संगणक करितो, आणि मागच्याचे पाय तितके हलके पडतात. नसलेल्या वाऱ्याचा नसलेल्या पाठीनें केलेला आडोसा खऱ्या पायांना जाणवावा, ही गोष्ट आमच्या पिढीस पचावयास जड आहे.

या आडोशावर तेथील सारें डावपेंच उभे आहेत, आणि ते रस्त्यावरच्या शर्यतीहून बरेच भिन्न आहेत. तेथें आडवा वारा नसतो; त्यामुळें तिरप्या रांगा करून प्रतिपक्षास गटारीच्या कडेला ढकलण्याची युरोपांतील युक्ति तेथें निरुपयोगी ठरते. खाली पडण्याचें भय नसल्यानें सारे बिनदिक्कत एकमेकांस खेटून असतात. मोठ्या जथ्यांत तर मागील स्वार आडोशांत मिळविलेल्या वेगानें सारखे पुढें येत राहतात, पुढचे मागें पडतात, आणि ही घुसळण जथ्याचा एकंदर वेग इतका वाढविते कीं, एकट्यानें निसटून जाणारा बहुधा पुन्हां पकडला जातो. २०२३ सालीं कंपनीनें नियम बदलून ही घुसळण बरीच कमी केली, असें पुतण्या सांगतो. कांहीं शर्यतींत वाटेंत बक्षिसासारखीं चित्रें मिळतात. त्यांपैकीं मोटारगाडीचें चित्र वापरलें कीं कांहीं क्षण आडोसा अधिक दाट होतो. हें आम्हांस पोरखेळ वाटलें व तसें आम्हीं बोलूनहि दाखविलें. परंतु डिसेंबर २०२० मध्यें आंतरराष्ट्रीय सायकल-संघानें याच खेळांत पहिलें जागतिक अजिंक्यपद ठेवलें आणि पुरुषांत तें जेसन ऑस्बोर्न या जर्मन नौकावल्हव्यानें जिंकलें, हें कळल्यावर आम्ही गप्प बसलों.

आतां मूळ गोष्ट. पुतण्याचा सहा जणांचा एक संघ होता. त्यांत आमचे चिरंजीवहि होते. ते नोकरीनिमित्त जर्मनींत असतात. दर गुरुवारीं रात्रीं संघांची घड्याळाशीं शर्यत होई. तिचा नियम असा कीं, संघांतील चौथा स्वार रेषा ओलांडील ती संघाची वेळ. म्हणजे दोघे मागें राहिले तरी बिघडत नाहीं. एकामागून एक रांग करावयाची, पुढच्यानें अर्धा-पाऊण मिनिट वारा खावा आणि मग बाजूला होऊन शेपटाशीं जावें, असा क्रम. पुतण्या बलवान्, तो दुप्पट वेळ पुढें राही. चिरंजीव बेताचे; त्यांची पुढची पाळी दहा-पंधरा सेकंदांची.

जानेवारी २०२१ मधील एका गुरुवारीं चढावर चिरंजीव पांचव्या जागीं असतां मागें पडले. एकदां आडोसा सुटला कीं तोच वेग राखण्यास एकट्याला तिसरा हिस्सा शक्ति अधिक लागते, आणि ती शक्ति नसते म्हणूनच तर तो सुटलेला असतो. "अंतर भरून काढा" अशी सूचना पडद्यावर झळकत राहते. आमच्या मतें ती फार निर्दय आहे. संघ पुढें गेला व त्यांची वेळहि चांगली लागली. नंतर आठ दिवस चिरंजीवांचा फोन आला नाहीं. त्यांच्या आईनें दोनदां विचारलें. आम्हीं कामाचें निमित्त सांगितलें.

पुढच्या गुरुवारीं दादा व आम्ही दोघेहि माडीवर जाऊन बसलों. दादा म्हणजे आमचे थोरले बंधु, पुतण्याचे वडील. त्या दिवशीं दोघे गडी आरंभींच गळाले आणि चिरंजीव चौथे उरले. पुन्हां तोच चढ आला. चढावर वेग मंद, म्हणून आडोशाचा उपयोग थोडा. परंतु माथा ओलांडून उतार लागला कीं वेग व आडोसा दोन्ही एकदम वाढतात, आणि माथ्यावर चार हातांचें अंतर पडलेला मनुष्य पुढें कायमचा मागें राहतो. पुतण्यानें हें ओळखून अर्ध्या चढावरच तिघांना पाय सैल सोडावयास लाविले. "माथ्यापर्यंत एकत्र. कोणी पुढें जाऊं नका," एवढेंच तो कानांतल्या यंत्रांत म्हणाला. माथ्यावर चौघे एकत्र होते. उतारावर तो स्वतः पुढें झाला आणि शेवटचे सहा मिनिट त्यानें पाळी कोणास दिलीच नाहीं.

खाली उतरल्यावर आम्हीं त्याची पाठ थोपटली. मग राहवलें नाहीं म्हणून विचारलें, "आज तो पांचवा असता तर?"

त्यानें तोंड पुसलें. "तर सोडलें असतें, काका. मागच्या वेळीं सोडलेंच कीं."

उत्तर सरळ होतें. तरी आम्हांस वाईट वाटलें, आणि तें लपविण्यासाठीं आम्ही जुनी गोष्ट काढली. १९६४ च्या आषाढांत दादा व आम्ही सायकलीवरून खडकवासल्यास गेलों होतों. वारा समोरचा. दादा एकवीस वर्षांचे, आम्ही सोळांचे. ते जातांना सारी वाट पुढें राहिले. त्यांचा सदरा फुगून आमच्यापुढें भिंतीसारखा झाला होता, आणि आम्हीं एकदांहि पाळी मागितली नाहीं. असा आडोसा आतां कोण देतो, असें कांहींसें आम्ही म्हणालों.

दादा ऐकत होते. थोड्या वेळानें म्हणाले, "येतांना वारा पाठीवर होता. तूं पुढें निघून गेलास. माझी साखळी पडली होती. दोनदां हाका मारल्या. घरीं यावयास मला दिवेलागण झाली."

आम्हांस तें मुळींच आठवत नव्हतें. आपण पहिले घरीं पोंचलों आणि आईनें गरम भजीं वाढलीं, एवढेंच आठवत होतें. पुतण्या आमच्याकडे पाहूं लागला. तेवढ्यांत फोन वाजला, चिरंजीवांचा होता. आपण माथ्यावर कसे टिकलों तें त्यांना प्रथम दादांना सांगावयाचें होतें. आम्ही फोन दादांच्या हातीं दिला आणि वर पंखा चालू राहिला होता तो बंद करावयास गेलों.