स्टेशनपासून पाच मिनिटे

मुंबईत कुटुंबासाठी उपनगर निवडायचे ठरले की सुरुवात बहुधा रेल्वेपासून होते. पश्चिम की मध्य, हा पहिला प्रश्न. फास्ट गाडी थांबते का, हा दुसरा. स्टेशनपासून घर किती मिनिटांवर, हा तिसरा. शाळा, पाणी, मैदान, शेजार यांची पाळी त्यानंतर येते. हा क्रम शहराच्या घडणीतूनच आला आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, १९२५ साली हार्बरवर आणि १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची लोकल धावू लागली, आणि साष्टी बेटावरच्या भातशेतीच्या गावांभोवती उपनगरे उभी राहिली. स्टेशन आधी आणि वस्ती मागून, हीच इथली रीत. पण या क्रमात एक गोम आहे. गाडीच्या सोयीने घर पसंत करणारा माणूस त्या घरात जागेपणी सर्वांत कमी वेळ असतो. मुले, म्हातारी माणसे, दिवसभर घरी असणारी बाई किंवा बाप्या यांचा दिवस स्टेशनच्या अंतरावर अवलंबून नसतो. तो कोपऱ्यावरच्या दवाखान्यावर, शाळेच्या रस्त्यावर आणि नळाच्या वेळेवर अवलंबून असतो.

वस्ती कुटुंबांना डोळ्यांपुढे ठेवून आखली गेल्याची उदाहरणे मुंबईत आहेत, पण थोडी. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीतले रुंद रस्ते, झाडे आणि मधल्या बागा ही त्या आखणीची देणगी. माहीमच्या खाडीपलीकडे ट्रस्टची ही आखणी पोचली नाही. तिथे राहायला गेलेल्यांनी आपले आपण केले. विलेपार्ले हे त्याचे ठळक उदाहरण. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर वर्षभरात, १९२१ साली, तिथे पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले; १९२३ साली लोकमान्य सेवा संघ आला. तेव्हाचे पार्ले म्हणजे बैठी घरे, विहिरी आणि वाड्या. तरीही शाळा, वाचनालय, व्याख्याने यांची सोय रहिवाशांनीच वर्गणी काढून, हिशेब ठेवून, भांडणे मिटवून केली. पार्ल्याला आज जी ‘मध्यमवर्गीयांचे सुसंस्कृत उपनगर’ म्हणून प्रतिष्ठा आहे, आणि जिचा भाव बिल्डर चौरस फुटामागे वसूल करतात, तिचे मूळ या फुकटच्या राबण्यात आहे.

नंतरच्या पिढ्यांना अशी निवड करायला वाव उरला नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने चाळींची भाडी गोठली. भाड्याची नवी घरे बांधणे मालकांना परवडेनासे झाले आणि गिरगाव-दादरच्या खोलीतले धाकटे भाऊ लग्न झाल्यावर मालकीच्या ब्लॉकच्या शोधात गोरेगाव, मुलुंड, ठाणे, डोंबिवली असे सरकत गेले. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळची कुटुंबेही त्याच वाटेने गेली. हा प्रवाह जनगणनेतही दिसतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर उतरली आणि उपनगर जिल्ह्याची ८६.४० लाखांवरून ९३.५७ लाखांवर चढली. ठाणे जिल्हा तर याहून वेगाने वाढला. म्हणजे बहुसंख्य कुटुंबांच्या बाबतीत ‘उपनगर निवडले’ हे म्हणणे सौजन्याचे आहे. त्यांनी आपली ऐपत पाहिली आणि ती ज्या स्टेशनपर्यंत पोचली तिथे ते उतरले. पण ऐपत ठरलेली असली तरी एकाच भावात दोन-तीन वस्त्या नेहमी समोर असतात, आणि त्यांतली कोणती घ्यायची याचा विचार करण्याजोगे पुष्कळ असते.

प्रवासाचाच हिशेब घेतला, तर किलोमीटर फसवे असतात. बोरिवली आणि ठाणे ही दोन्ही स्टेशने आपापल्या टर्मिनसपासून साधारण ३४ किलोमीटरवर, डोंबिवली ४८, बदलापूर ६८. पण रोजच्या प्रवाशाच्या लेखी याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाडी तिथून सुटते की नाही. बोरिवली, ठाणे, डोंबिवली, बदलापूर, विरार इथून लोकल सुटतात, त्यामुळे एखादी गाडी सोडून बसायला मिळण्याची आशा असते. मधल्या स्टेशनवाल्याला कागदावर दहा मिनिटे कमी लागतात, पण तो दारात लटकतो. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर दारातले प्रवासी गाडीतून पडून मेले तेव्हा या फरकाची किंमत काय असते ते साऱ्या शहराने पाहिले. बसून घरी आलेला माणूस मुलाचा अभ्यास घेऊ शकतो. तासभर चेंगरून आलेल्याला कोणी बोललेलेही नको असते. १९९२ साली पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल निघाली तिचे अप्रूप बायकांना का वाटले, ते संध्याकाळच्या साध्या लोकलमध्ये एकदा चढून पाहिल्यावर कळते.

शिवाय आता घरातून एकच माणूस नोकरीला निघत नाही. नवऱ्याची कंपनी अंधेरीला आणि बायकोची ठाण्याला, अशी जोडपी सर्रास आहेत. सगळे काम दक्षिणेला असण्याचे दिवस गेले. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि दोन रेल्वेमार्गांमध्ये अडकलेल्या वस्त्यांचे गणितच बदलले. असल्फा-साकीनाका हे भाग पूर्वी निव्वळ वाहतूक कोंडीसाठी ठाऊक होते. तरीही ज्याचा दिवस मुलाभोवती फिरणार आहे त्याच्या कामाची जागा घराजवळ असावी, हा साधा नियम फार थोडी जोडपी पाळतात. घर बहुतेकदा जास्त पगाराच्या नोकरीजवळ घेतले जाते, आणि पाळणाघरातून मूल वेळेवर आणण्याची धावपळ कमी पगारवाल्याच्या, म्हणजे बहुधा बाईच्या, वाट्याला येते.

स्टेशन ते घर हे अंतर जाहिरातीत हमखास पाच मिनिटांचे असते. ते बिल्डरच्या घड्याळातले असते. ठाण्याहून घोडबंदर रोडला जाणाऱ्याने ते रिक्षाच्या रांगेत उभे राहून मोजावे, तेही जुलै महिन्यात. त्याहून कमी बोलली जाणारी बाब म्हणजे पूर्व आणि पश्चिम. रुळांनी प्रत्येक उपनगराचे दोन तुकडे केले आहेत. घर पूर्वेला, शाळा पश्चिमेला, भाजी पूर्वेला आणि डॉक्टर पश्चिमेला अशी वाटणी झाली की दहा वर्षांचे मूल एकटे कुठेच जाऊ शकत नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला पुलाचे जिने चढावे लागतात. घाईत रूळ ओलांडणे हे लोकलच्या मार्गावरच्या मृत्यूंचे एक मोठे कारण आजही आहे. रोजच्या चार ठिकाणांपैकी निदान तीन रुळांच्या एकाच बाजूला असणे, हे कुठल्याही जिम आणि स्विमिंग पूलपेक्षा मोलाचे.

शाळेबाबत पालकांचा गोंधळ अधिक असतो, कारण शाळा निवडली तरी प्रवेश हाती नसतो. शिक्षण हक्क कायद्याने शेजारची शाळा ही कल्पना मान्य केली. लहान मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असे नियम सांगतात. प्रत्यक्षात बोर्ड आणि माध्यम यांच्या हट्टापायी मुले पिवळ्या बसमधून दोन-दोन उपनगरे ओलांडतात. यातून शिक्षण चांगले मिळतही असेल. पण त्या मुलांचे मित्र पाच पिनकोडमध्ये विखुरलेले असतात आणि संध्याकाळी खाली खेळायला कोणी उरत नाही. पार्ले, ठाणे, डोंबिवलीतल्या जुन्या मराठी शाळांनी पोरे घडवलीच, पण त्याहून ठळकपणे गल्ल्या घडवल्या: एकाच वर्गातली मुले एकाच रस्त्याने घरी यायची आणि त्यांच्या आया एकमेकींना ओळखायच्या. मराठी माध्यमाचे वर्ग रोडावल्याने ही वीण उसवली. नव्या वस्तीत ती कशाने भरून निघेल, याचे उत्तर अजून कोणाला सापडलेले नाही.

मोकळ्या जागेचे तसेच. विकास आराखड्यात मैदानासाठी आरक्षण असणे आणि मैदान असणे या दोन वेगळ्या गोष्टी. आरक्षित भूखंडावर झोपड्या, गोडाऊन किंवा नुसते पत्र्याचे कंपाऊंड असते. टॉवरमध्ये पोडियमवर बाग असते, पण तिथे ‘क्रिकेट खेळण्यास मनाई’ची पाटी बागेच्या आधी लागते. बोरिवलीकरांचे नशीब त्यातल्या त्यात थोर. शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान त्यांच्या पूर्वेला आहे, कान्हेरीची लेणी आहेत, आणि कडेच्या सोसायट्यांत अधूनमधून बिबट्याही येतो. डोंबिवलीला असे काहीच नाही. तरी दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणांची जी गर्दी लोटते ती पाहिली की मैदानाची उणीव माणसे रस्त्याने भागवतात हे दिसते. त्यावर समाधान मानावे असे नाही. फडके रोड सणापुरताच मोकळा होतो.

‘फक्त कुटुंबांसाठी’ या शब्दांत उपनगरांची एक वाईट खोडही लपलेली आहे. एकट्या राहणाऱ्या बाईला घर नाही, मुसलमान कुटुंबाला नाही, मांसाहार करणाऱ्याला नाही, अशी गाळणी अनेक सोसायट्यांत लेखी नियमांशिवाय चालते. मासे खाणाऱ्या मराठी माणसाला नकार मिळतो तेव्हा त्याची बातमी होते. त्याच मराठी माणसाच्या सोसायटीत दुसऱ्या कोणाला नकार मिळतो तेव्हा क्वचितच होते. अशा वस्तीत मूल सुरक्षित वाढेल खरे, पण आपल्यासारख्याच माणसांत वाढेल. पुष्कळ पालकांना नेमके तेच हवे असते, आणि तिथेच त्यांचे चुकते. ज्या शहराच्या लोकलमध्ये त्या मुलाला पुढे आयुष्य काढायचे आहे ते शहर तसे नाही.

पाणी, हवा आणि धोका या गोष्टी घर पाहायला रविवारी सकाळी गेलेल्यांना दिसत नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लोक ज्यांना नाले म्हणत होते त्या मिठी, पोयसर, दहिसर या नद्या आहेत हे कळले. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी काढावे लागले. त्याच नदीकाठी बदलापूरच्या स्वस्त इमारती आहेत. तळमजल्याच्या भिंतीवरची ओल आणि शेजारच्या वाण्याची आठवण या बाबतीत माहितीपत्रकापेक्षा खरी. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये कारखान्यांत स्फोट झाले आणि आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. कांजूरच्या कचराभूमीचा वास वाऱ्याची दिशा आणि रात्र पाहून विक्रोळीपर्यंत येतो. मुंबई महापालिकेची हद्द मुलुंड आणि दहिसरला संपते. पलीकडच्या ठाणे, पालघर जिल्ह्यांतल्या धरणांचे पाणी जलवाहिन्यांतून मुंबईला येते, आणि त्याच पट्ट्यातल्या नव्या संकुलांच्या दारात उन्हाळ्यात टँकर उभे असतात.

कागदपत्रांचा कंटाळा तर सर्वांनाच. मुंब्र्याजवळच्या शिळफाट्याला एप्रिल २०१३ मध्ये बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ जण मेले. गृहप्रकल्पांची नोंदणी करणारे महारेरा २०१७ साली आले, तरी खोट्या परवानग्यांवर नोंदणी मिळवलेल्या डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्या पाडण्याचे आदेश निघाले. तिथे घरे घेणारी माणसे कर्ज फेडणारी साधी कुटुंबेच होती. नोंदणी क्रमांक पाहून थांबू नये, भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेतून पडताळावे, आणि जुन्या सोसायटीत घर घेताना जमिनीचे सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण झाले आहे का तेही विचारावे. विमानतळाच्या फनेल झोनमध्ये उंचीच्या मर्यादेमुळे जुन्या इमारतींचा पुनर्विकास कसा अडतो, हे पार्ले-सांताक्रूझच्या रहिवाशांकडून ऐकण्यासारखे आहे.

हे सगळे एका भेटीत कळत नाही, आणि कळावे अशी अपेक्षाही धरू नये. लिव्ह अँड लायसन्सचा करार सहसा अकरा महिन्यांचा असतो. त्याची ख्याती गैरसोयीचीच आहे: डिपॉझिट, एजंटची दलाली, पुन्हा सामान हलवणे. पण घर विकत घेण्याआधी त्याच वस्तीत अकरा महिने भाड्याने राहिले तर त्यात एक पावसाळा येतो, शाळेचे जवळजवळ एक वर्ष येते, गणपतीचे दहा दिवस, मे महिन्यातली पाणीकपात आणि सोसायटीची एक वार्षिक सभाही येते. त्या सभेला भाडेकरूला मत नसते, पण दारापाशी उभे राहून ऐकायला सहसा कोणी हरकत घेत नाही. आणि पुढची वीस वर्षे कर्जाचे हप्ते भरायचे की नाहीत, हा निर्णय मग घरात जास्त वेळ काढणाऱ्यांना विचारून घेता येतो.